मांडीतलं बळ

१९ नोव्हेंबर २००६, रविवार
पहाटे शड्डूच्या आवाजाने जाग आली. फट्! जरा थांबून पुन्हा फट्! उठून बसलो तर अंगणात कोणी नाही. आवाज खरा होता, पण साठ वर्षांपूर्वीचा. घाटंजीला आखाड्यात थोरला भाऊ मातीत उतरायचा. वडील मलाही आत ढकलायचे आणि मी मागच्या दाराने निसटून चिंचेखाली कवितेचं पुस्तक उघडून बसायचो. भिंतीपलीकडे शड्डू, अलीकडे मी आणि शार्दूलविक्रीडित. वडील म्हणायचे, "हा पोट्टा पुस्तकानंच वझं उचलीन." चौतीस वर्षं वर्ग उचलला. वझं उचलायचा प्रसंगच आला नाही.
आज आठवायला कारण आहे. काल घरी कामाला येणारी कांताबाई म्हणाली, सोमवारपासून ती कापूस वेचणीला जाणार.

२० नोव्हेंबर, सोमवार
वि. दिवसभर पडून. (बायकोचं नाव वहीत पूर्ण लिहायला अजून संकोच वाटतो. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली.)
पोळ्याच्या आधी झटका आला तेव्हापासून तिचा डावा हात नि डावा पाय तिचं ऐकत नाहीत. जीभ जरा जड झाली आहे, धार तीच. कांताबाई दिवसातून चारदा यायची, तिला उठवून खुर्चीत बसवायची. आता कापूस फुटला. गावात ज्याला दोन हात आहेत तो शेतात. कांताबाईचा तरी काय दोष! पहाटे अंधारात येऊन जाईन, मग दिवेलागणीला येईन, म्हणाली. मधले बारा तास वि. आणि छत.
दिवाळीला सु. (लेक) नागपूरहून आली होती तेव्हा आईच्या पाठीवरचा लाल चट्टा पाहून रडली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, संक्रांतीला येते. तोवर आईला तुम्ही एकट्यानं उठवून बसवू शकलात तर ठीक. नाहीतर मी तिला घेऊन जाईन. तुम्हीही चला." तिचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वर चढवलं की उतरणं नाही.
वि.ला विचारलं. म्हणाली, "मले नाही जायचं. इथं खिडकीतून कडुनिंब दिसते. तिथं काय दिसन, दुसऱ्याची खिडकी?"

२२ नोव्हेंबर, बुधवार
प्रयत्न केला. दोन्ही काखांत हात घालून ओढलं. कमरेत कळ आली ती डोळ्यांपुढे काजवे. मी तिच्या अंगावर, ती गादीवर. मग ती म्हणाली, "या वयात हे शोभते का?" हसलो. नंतर मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बराच वेळ उभा राहिलो.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार
शेषराव आला. कांताबाईचा नवरा. तीस वर्षं जिनिंगमध्ये हमाल. कापसाच्या गठाणी याच्या पाठीवरून ट्रकवर चढल्या. यंदा जिन सुनसान. भाव नाही म्हणून कोणी कापूस बाहेर काढत नाही, घराघरांत छतापर्यंत कापूस. शेषरावचाही माझ्या पडवीत टाकलेला आहे, त्याच्या घरी जागा नाही. पांढऱ्या डोंगराला टेकून बसला नि माझी चाल पाहत राहिला.
"काहून गुरुजी, कंबर धरून चालून राह्यले?"
सांगितलं. वि.ला त्याने उचलणं शक्य नाही, ती परक्या पुरुषाचा हात लागू देणार नाही. ते त्यालाही माहीत.
"गुरुजी, वझं हातानं नाही उचलत. पाठीनं बी नाही. मांडीनं उचलत असते. हात फक्त धरतात."
त्याने आपली मांडी ठोकून दाखवली. साठीचा माणूस, मांडी सागाच्या बुंध्यासारखी. आणि मला एकदम कळलं की शड्डू ठोकतात तो मांडीवरच! इतकी वर्षं ऐकत आलो, कधी विचारच केला नव्हता.
म्हणाला, कंबर बरी झाली की सोमवारपासून या. या म्हणजे माझ्याच पडवीत.

२७ नोव्हेंबर, सोमवार
पहिला धडा. गाठोडं नाहीच. नुसती खुर्ची. हात न टेकता बसायचं, हात न टेकता उठायचं. सोपं वाटलं. सहाव्यांदा उठता येईना.
"टेकवा मंग हात. लाज कोनाची?"
आठ झाल्या. शेवटच्या तीन हात टेकून.

२८ नोव्हेंबर, मंगळवार
जिना उतरता येणार नाही अशी मांडी दुखतेय. घरात जिना नाही हे बरं. शे. (शेषराव) खूश.
"मांसात दुखलं तं चांगलं. सांध्यात दुखलं तं थांबाचं. आज सुट्टी."
मी म्हटलं, रोज केलं तर लवकर होईल. संक्रांत जवळ आहे.
"बैल बी पोळ्याले सुट्टी घेते, गुरुजी. बळ काम करताना नाही येत. झोपल्यावर येते."
हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं असतं.

१ डिसेंबर, शुक्रवार
बैठका मोजायला कंटाळा येतो म्हणून वृत्तात घातल्या. भुजंगप्रयात. लगागा, एक बैठक. चार यगणांचा एक चरण, चार चरणांचा श्लोक, म्हणजे सोळा. शब्द कुणाचेच नाहीत, नुसता ठेका. आठवीचा वर्ग हातांनी बाक वाजवायचा तो आठवला. खिडकीतून धूळ यायची, उन्हाच्या पट्ट्यात तरंगायची, आणि पन्नास पोरं एका आवाजात लगागा लगागा. त्यातली किती पोरं आज कापसाच्या पऱ्हाटीत वाकलेली असतील.
आज दहा. श्लोक पुरा व्हायला सहा कमी.
वि. आतून, "काय लगा लगा लावलं? अंगात आलं का?"

४ डिसेंबर, सोमवार
जीपने यवतमाळ. सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई आहेत, तरुण, कडक. वि.ला नेता आलं नाही, तिचे कागद घेऊन एकटाच गेलो.
बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आजोबा, उचलू नका. उभं करा." फरक कळला नाही. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, माझे गुडघे स्वतःच्या गुडघ्यांनी अडवले, कमरेला धरलं आणि म्हणाल्या, "आता पुढे वाका. नाक माझ्या खांद्यावर. हं, उठा." उठलो. मीच उठलो की त्यांनी उठवलं, कळलं नाही.
"त्यांच्या पायालाही काम द्या. पडल्या पडल्या मांडी आवळायची, पाच मोजायचं, सोडायचं. गुडघे वर घेऊन कंबर उचलायची. रोज थोडं वाढवायचं. फार नाही, थोडं."
बाईंनी अंडी सांगितली. आमच्याकडे चालत नाहीत. मग म्हणाल्या, हरभरे, दाणे, दूध, डाळ. बळ नुसत्या व्यायामाने येत नाही, पोटातूनही यावं लागतं.

५ डिसेंबर, मंगळवार
वि.नेही सुरू केलं. कपाळाला आठ्या, ओठ आवळलेले. एक मांडी नीट आवळली जाते, दुसरी नुसती थरथरते. ती वृत्तात मोजत नाही. भाकरीत मोजते. "एक भाकर... दोन भाकर..." पाच भाकरींवर थकली. जन्मभर किती थापल्या असतील, देव जाणे. आम्ही जेवायला बसायचो नि ती शेवटच्या भाकरीपर्यंत चुलीपुढे. कवितेत चुलीपुढची बाई फार वाचली. घरातली पाहिली नाही.

८ डिसेंबर, शुक्रवार
आज गाठोडं. शे.ने धोतरात कापूस बांधला, ताणकाट्याला अडकवला. दहा किलो. जमिनीवरून उचलून छातीशी धरायचं, मिठी मारल्यासारखं.
"पाय फाका. जवळ या, अजून जवळ. लांबचं वझं दुप्पट होते. पाठ सरळ. आता मांडी... दम कायले धरून राह्यले? सोडा ना! उठताना दम सोडाचा!"
दम सोडला नि गाठोडं वर आलं. पाच वेळा. कापसाचा वास नाकात, सरकीचा, जुना, ओळखीचा.
शे. म्हणाला, दर खेपेला कापूस थोडा थोडा वाढवू. वझ्याला कळू द्यायचं नाही.

१३ डिसेंबर, बुधवार
चौदा किलो. बैठका एक श्लोक पूर्ण, पण घाईघाईत. शे. म्हणतो खाली बसताना धपकन बसता, तिथंच बळ वाया जाते. म्हणून वृत्त बदललं. भुजंगप्रयात धावतो, मंदाक्रांता घेतली. नावातच मंद चाल आहे. पहिल्या चार गुरूंत सावकाश खाली, मधले लघू खाली थांबायचे, मग वर. आठ बैठकांतच मांडीला पेटल्यासारखं झालं. हळू करणं जास्त अवघड. कविता म्हणतानाही तसंच होतं, पोरांना घाईच असायची.
वि. दहा भाकरींवर.

१८ डिसेंबर, सोमवार
अठरा किलो! तीनदा. आरशात दंड पाहिला. काही दिसत नाही. म्हाताऱ्या कातड्याखाली काय चाललंय ते कातड्याला कळत नाही. पण सकाळी विहिरीवरून कळशी आणली ती मध्ये कुठेच टेकवली नाही. घरी आल्यावर लक्षात आलं.
शे. म्हणाला, गुरुवारी कापूस नेणार. व्यापारी येतो म्हणाला. भाव जो देईन तो.

२० डिसेंबर, बुधवार
गाठोडं उठलं नाही.
तेच गाठोडं. तीच गाठ. पाय फाकवले, जवळ गेलो, दम सोडला. जमिनीपासून वीतभर आलं नि हातातून सुटलं. पुन्हा. पुन्हा. घाम फुटला. शे. नव्हता, बैलगाडी ठरवायला गेलेला. एकटाच पडवीत बसून राहिलो. एकाहत्तर वय. आलेलं बळ दोन दिवसांत गेलं म्हणजे ते आलंच नव्हतं. नुसता उत्साह होता.
वि.ने आतून विचारलं, "झाले का श्लोक?" मी हो म्हटलं. खोटं बोललो.
दुपारी चौकातल्या फोनवरून सु.ला कळवलं. माझ्याने होत नाही, आईला घेऊन जा. ती हळूच म्हणाली, "बरं बाबा. मी बघते." वि.ला सांगितलेलं नाही. सांगायचं कसं, ते...

२१ डिसेंबर, गुरुवार
सकाळी शे. बैलगाडी घेऊन आला, कापूस भरायला. त्याला म्हटलं, माझं गाठोडंही सोडून घे, आता लागणार नाही. काहून, म्हणाला. सांगितलं. तो गाठोड्याजवळ गेला, हात लावला आणि तिथंच उकिडवा बसला.
"गुरुजी, रागवू नका. परवा राती मीच पानी मारलं. साऱ्या कापसाले. तुमचं गठुडं बी सुटलं नाही त्यातून."
वजनात चार पैसे जास्त यावेत म्हणून विकायच्या आधी कापसावर पाणी शिंपडतात. सगळेच. मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझ्या डोक्यात आलं नाही इतकंच. सरकीने, रुईने रात्रभर पाणी प्यायलं. ताणकाटा लावला. चोवीस.
मी रागवायला हवं होतं. शाळेत सचोटीवर निबंध घालायचो. पण आधी हसू आलं, आवरेना. शे.ही हसला, मग खाली मान घातली. "व्यापारी काट्यात मारते, आमी पान्यात मारतो. कोनाचं बरं होते, थे देवाले माहीत." मी म्हटलं, पाणी मारलेला कापूस काळा पडतो, उद्या तुझाच भाव जाईल. म्हणाला, उद्यापर्यंत कोन थांबलं हाय, गुरुजी.
गाडी गेली. पडवी रिकामी, मोठी वाटते. एक गाठोडं ठेवून गेला. कोरडं, घरातून आणलेलं, अठराचं.
उचललं. चारदा.

२२ डिसेंबर, शुक्रवार
सु.ला पुन्हा फोन. म्हटलं, चूक झाली, कापूस ओला होता. तिला वाटलं मी भ्रमिष्ट झालो. "बाबा, तुम्ही एक दिवस जमत नाही म्हणता, एक दिवस जमतं. आई काही कापूस नाही." बरोबर आहे तिचं. शेवटी म्हणाली, "आता काही ठरवू नका. चौदाला येऊन बघते आणि मग ठरवते." आवाजावरून वाटलं, ठरवलेलं आहे.
संध्याकाळी वि.ला सगळं सांगितलं, फोनचंही. ती छताकडे पाहत म्हणाली, "मले इचारलं असतं तं बरं झालं असतं." एवढंच. ताक घेतलं नाही.

२६ डिसेंबर, मंगळवार
तीन दिवस वि. कामापुरतंच बोलली. आज व्यायामाच्या वेळी स्वतःच, "एक भाकर..." मी शेजारी बसून मोजू लागलो तर म्हणाली, "तुमचं तुम्ही करा." केलं. पडवीत मी, आत ती. दोन आवाज, दोन मोजदादी. वीस भाकरी!

२८ डिसेंबर, गुरुवार
उभी राहिली.
दवाखान्यातल्या बाईंनी दाखवलं तसंच. पलंगाच्या कडेला बसवलं (हेच निम्मं काम, त्यालाच दहा मिनिटं). पाय जमिनीवर. माझे गुडघे तिच्या गुडघ्यांशी. "नाक खांद्यावर," म्हटलं. "लाज नाही वाटत," म्हणाली, पण ठेवलं. उजवा हात माझ्या मानेभोवती. दम सोडला. मांड्या पेटल्या, वर आलो, ती बरोबर आली. खुर्ची शेजारीच होती. वळलो. बसवली.
खिडकीतून कडुनिंब पाहत अर्धा तास बसली. केस विंचरून दिले. भांग वाकडा पडला.
मान दुखतेय. तिने फार घट्ट धरलं होतं. दुखू दे.

१ जानेवारी २००७, सोमवार
रोज दोनदा. शे. रोज दारातून विचारतो, आत येत नाही. "काकू बसल्या का खुर्चीत?" आतून वि., "बसली! तुमच्या गुरुजीले सांगा, कंगव्याचा बी सराव करा म्हना!"
पाठीवरचा चट्टा फिकट.

५ जानेवारी, शुक्रवार
चारदा. दिवसातून चारदा! सु.ने जे मागितलं ते झालं. पण आज चौथ्या वेळेस वि. चिडली.
"मी गठुडं हाये का?"
"का?"
"तुम्ही मले उचलता. माझे पाय टेकतच नाहीत जमिनीले. टेकू द्या ना."
खरं होतं. हात भरात आले होते, उचलण्याची मजा येऊ लागली होती. आखाडा चुकवलेल्या पोराला सत्तरीत शड्डू सापडला, आणि तो तिच्यावर ठोकत होता. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी वाक्य लक्षात ठेवलं आणि अर्थ विसरलो. पोरांचंही असंच व्हायचं, कविता तोंडपाठ, अर्थ कोरा.

८ जानेवारी, सोमवार
कमी उचलायचं हे जास्त उचलण्यापेक्षा अवघड. किती सोडायचं, कधी सोडायचं, काट्यावर दिसत नाही. आज तिच्या उजव्या पायाने भार घेतला, कळलं मला. डावा लटलटला. मी घाबरून पुन्हा आवळलं. "सोडा," म्हणाली. नाही सोडलं.
सु.चं पत्र. चौदाला सकाळी येते. गाडीचं बघून ठेवलंय, असं शेवटी.

११ जानेवारी, गुरुवार
घाईत लिहितोय.
सकाळी दहाची वेळ. तिला उभं केलं. खुर्ची आज मुद्दाम दोन पावलं लांब ठेवली होती, तिच्याच सांगण्यावरून. "पाहू तं द्या." तिचा उजवा हात माझ्या मानेवर, माझे दोन्ही हात तिच्या कमरेशी, शक्य तितके सैल. दोघंही हलत नव्हतो. तिचा श्वास कानाशी. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. वाटलं शेषरावकडे कोणी आलं असेल. मग चपलांचा आवाज, आणि दारावर थाप.
मला दारापर्यंत जाता येत नव्हतं. म्हटलं, "उघडंच आहे, या."
दार लोटलं. जावई. प्रदीपराव. एकटेच, तीन दिवस आधी. सु. बरोबर नाही.
आणि वि.ने माझ्या मानेवरचा हात काढून घेतला. चटकन, जसा पंचेचाळीस वर्षं कोणी आलं की काढत आली तसा, आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. जावयासमोर उघड्या डोक्याने ती कधी उभी राहिलेली नाही.
माझे हात तेव्हा तिच्या कमरेला होते की नव्हते, मला खरंच सांगता येत नाही. मी तिच्या पायांकडे पाहत होतो. दोन्ही जमिनीवर होते.
"या," ती म्हणाली. शब्द जड होता, पण स्पष्ट.
प्रदीपराव उंबऱ्यातच उभे राहिले. बाहेर न्यायला आणलेल्या गाडीचं इंजिन चालूच होतं.